जिन्नसवार

या फाल्गुनाच्या उत्तरार्धात, पुतण्याच्या जुन्या संगणकात साचलेली धूळ झाडावी या हेतूने मी त्याच्या कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लावला, तो बोटांच्या अग्रांपासून मनगटापर्यंत एक बारीक, अखंड झिणझिणी चढत गेली. हात झिडकारून टाकील असा तो धक्का नव्हता; परंतु ती झिणझिणी माझ्या पूर्ण परिचयाची असल्यामुळे, आणि ज्या माणसाने तिचा बंदोबस्त केला होता तो माणूस आता घरात नसल्यामुळे, मी पेचकस तसाच हातात धरून बराच वेळ बसून राहिलो. काकांना जाऊन अजून वर्ष व्हायचे आहे. परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात रोज सकाळी पाणी ओतणे हे त्यांचे काम होते, आणि ते कुणाकडे रीतसर सोपवलेले नसल्यामुळे त्यांच्यामागे कुणीच करीत नव्हते.

परभणीजवळच्या आमच्या पोखर्णीची जमीन काळी, भारी, कापसाची. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि होळी उलटली की तीच जमीन आकसून, भेगाळून, जे जे तिच्यात पुरलेले असेल त्याच्यापासून कडेकडेने सुटू लागते. ओली माती विजेला वाट देते. सुकलेल्या मातीत पुरलेल्या नळीभोवती पोकळी पडली म्हणजे ती वाट तुटते. काकांची सगळी हयात वीजखात्यात लाइनमन म्हणून खांबांवर गेली होती. त्यांनी ही गोष्ट पुस्तकात वाचलेली नव्हती, हाताने जाणलेली होती. अंघोळ आटोपून, ओल्या पंच्याने, तांब्या घेऊन ते परसात जात आणि नळीच्या तोंडात सावकाश पाणी सोडीत. "उन्हाळ्यात दोन टायमाला टाकत जा. जमीन सुटती नळीपासून," एवढेच ते सांगत, तेही विचारले तर.

तो खड्डा त्यांनी संगणकासाठी खणला होता.

२००६ साली आमच्या घरात पहिला संगणक आला. मी तेव्हा परभणीला कॉलेजात होतो, एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र मिळवले होते, आणि सायबर कॅफेत 'रोड रॅश' व 'आयजीआय' हे खेळ तासाच्या दराने खेळून झाल्यावर स्वतःच्या संगणकाची जी ओढ लागते ती मला लागलेली होती. वडिलांनी कापसाच्या पट्टीतून पैसे काढून दिले. परभणीच्या एका दुकानात, ज्याचे नाव मी इथे घेणार नाही, आम्ही एक पेंटियम फोर जुळवून घेतला आणि दुकानदाराने पावतीवर लिहिले : असेंबल्ड कॉम्प्युटर, नग एक. त्या चार शब्दांविषयी माझ्या मनात आजतागायत राग आहे आणि तो मी मुद्दाम जपून ठेवला आहे. मदरबोर्ड कुणाचा, रॅम कोणत्या कंपनीची, एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, किती वॅटचा आणि कुणी बनवलेला, यांपैकी एका अक्षराचाही उल्लेख त्या पावतीवर नव्हता. आणि पुढच्या वैशाखात, नृसिंह जयंतीच्या रात्री, देवळावरच्या रोषणाईने आणि घरोघरच्या पाहुण्यांच्या पंख्यांनी विजेचा दाब खालीवर होत असता तो एसएमपीएस फट्‌कन आवाज करून जळाला आणि जाताना मदरबोर्डालाही बरोबर घेऊन गेला, तेव्हा त्या पावतीचा अर्थ आम्हांला कळला. आम्ही दिलेला एसएमपीएस हाच कशावरून, असा प्रश्न दुकानात आम्हांला विचारण्यात आला, आणि त्याचे उत्तर देणारा दस्तऐवज आमच्याजवळ नव्हता. वडील पावती घडी करून खिशात ठेवून परत आले. ते काही बोलले नाहीत. पण त्या वर्षी पुन्हा त्यांनी संगणकाच्या खोलीत पाऊल टाकले नाही.

काकांनी तो जळालेला डबा तळहातावर तोलून पाहिला आणि म्हणाले, "हलका आहे. आत काही नाहीच." झाकण काढल्यावर त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. वीज आत शिरते त्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी जी वेटोळी आणि जे कपॅसिटर बसवावयाचे असतात, त्यांच्या जागा पट्टीवर छापलेल्या होत्या, आणि त्या जागांवर केवळ तारेचे तुकडे डाखून वाट जुळवलेली होती. मग काकांनी स्वतःच्या पैशांनी एक जड, भारदस्त एसएमपीएस आणला. तो बसवल्यावर संगणक उत्तम चालू लागला, परंतु कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येऊ लागल्या. मला वाटले, हाही बिघडलेलाच निघाला. काकांनी टेस्टर लावून पाहिले आणि त्यांना आनंद झाला. चांगल्या एसएमपीएसमधली गाळणी आपला गोंगाट कॅबिनेटच्या पत्र्यामार्गे जमिनीत सोडू पाहते; जमिनीची वाटच नसेल तर तो पत्रा आपल्या घरगुती विजेच्या निम्म्या दाबावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर, तरंगत राहतो. प्रवाह अत्यल्प असल्यामुळे माणसाला फारशी इजा होत नाही, फक्त जाणवते. गाळणी आहे आणि जमीन नाही, याची ती खूण. दुसऱ्या दिवशी काकांनी परसात खड्डा घेतला, नळी उभी केली, तिच्याभोवती मीठ आणि कोळसा यांचे थर आळीपाळीने भरले, आणि तांब्याभर पाणी सोडले.

पावतीच्या त्या रागाला घरातच एक जुने प्रमाण होते. माझे आजोबा आधी निजामाच्या अमलात आणि पुढे हैदराबाद राज्यात पटवाऱ्याच्या दफ्तरात लेखनिकी करीत. मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला म्हणजे वकील आजही ज्याची नक्कल मागतात, त्या १९५४च्या खासरा पत्रकाच्या कामात त्यांनीही लेखणी झिजवली होती. सर्व्हे नंबर, क्षेत्र, कबजेदार, पीक, विहीर, झाडे : त्यांच्या हिशेबी जे नोंदले गेले नाही त्याची वहिवाट सिद्ध करणे पुढच्या पिढीला कठीण. एखाद्या शेतावर त्यांनी 'जमीन, नग एक' असे लिहिले असते, तर बांधावरच्या आंब्यावरून दोन भाऊ किती वर्षे कोर्टात उभे राहिले असते, याची कल्पना आमच्या भागातल्या कुणालाही करता येईल.

आणि या ठिकाणी मला, विषयाचा ओघ तोडूनही, एका दूरच्या यादीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला व्यक्तिगत संगणक बाजारात आणला, तेव्हा तो अल्पावधीत सिद्ध करावयाचा असल्यामुळे तिने त्यातले बहुतेक भाग बाहेरून घेतले : प्रोसेसर इंटेलचा, आज्ञाप्रणाली मायक्रोसॉफ्टची. आणि त्याबरोबर तिने एक तांत्रिक ग्रंथ छापला, ज्यात मंडलांच्या आकृत्या होत्या आणि बायॉस या मूळ आज्ञावलीची अक्षर न् अक्षर प्रत होती. त्या जिन्नसवार यादीमुळेच कुणाही त्रयस्थाला त्या यंत्रात बसेल असे कार्ड बनवता आले. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे मान ठरवून दिले; स्क्रूची छिद्रे कुठे, एसएमपीएसची तोंडे कोणती, हे निश्चित झाले, आणि म्हणून तैवानमध्ये बनलेला मदरबोर्ड दुसऱ्याच कुणाच्या कॅबिनेटमध्ये बिनबोभाट बसतो. आपल्याकडेही, अमेरिकेने प्रगत क्रे महासंगणक देण्याचे नाकारल्यावर, १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली, आणि अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली पुण्यात जो 'परम ८०००' उभा राहिला तो ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडूनच. एका अखंड यंत्राचा नकार मिळाला, तर सुट्या भागांतून यंत्र उभे करता येते, हे त्या वर्षी जगाने पाहिले. ही हकिकत मी प्रथम वाचली ती पुण्यात नोकरीला असताना, भाड्याच्या खोलीत. आणि तेव्हाही मला परसातली ती नळी आणि तो तांब्याच आठवला.

पुतण्या आता अकरावीत आहे. 'व्हॅलोरंट' खेळतो, चांगला खेळतो, आणि त्याने नव्या संगणकासाठी जी यादी केली होती तिच्या शिरोभागी ग्राफिक्स कार्ड होते आणि तळाशी, 'कोणताही चालेल' या शेऱ्यासह, एसएमपीएस. मी ती यादी उलटी केली. आमच्या गावात रात्री थ्री-फेज येते आणि शेतोशेतीच्या मोटारी आपापल्या ऑटो-स्टार्टरवर एकाच वेळी उठतात. त्या क्षणी घरातला दिवा पिवळा पडतो. तेव्हा ज्याच्या खांद्यावर सगळ्यांचा भार आहे, त्याची निवड प्रथम. आमच्या हिशेबाने सगळ्या भागांची भूक मिळून पावणेतीनशे वॅटच्या आसपास जात होती, म्हणून आम्ही ५५० वॅटचा, कार्यक्षमतेच्या सोनेरी श्रेणीचा, १०० ते २४० व्होल्टपर्यंत कोणताही दाब सोसणारा एसएमपीएस ठरवला. निम्म्या भाराच्या आसपास असताना एसएमपीएस घेतलेल्या विजेचा सर्वांत कमी हिस्सा उष्णतेत घालवतो, आणि वैशाखात पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला म्हणजे ज्या खोलीत आधीच भट्टी आहे तिथे उष्णतेची काटकसर पैशांच्या काटकसरीहून मोलाची ठरते. वाऱ्यावर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीहून थंड करू शकत नाही, ही मर्यादा शहरातल्या वातानुकूलित खोलीत बसून सल्ला देणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणून प्रोसेसर रायझन ५ ५६००, सहा गाभ्यांचा, ६५ वॅटचा. ग्राफिक्स कार्डावर मात्र आमची खडाजंगी झाली. त्याला आरटीएक्स ३०६० हवे होते, १७० वॅटचे. मी आरएक्स ६६००चा आग्रह धरला, कारण ते १३२ वॅटवर भागवते आणि त्याच्या खेळाला पुरून उरते. अखेर त्याने माझे मानले, पण त्याच्या बदल्यात कॅबिनेट त्याच्या पसंतीचे घेण्याचे वचन माझ्याकडून घेतले. समोरून जाळीचे घ्यावे, काचेचे नको, एवढीच माझी अट होती. जाळीला झिरझिरीत कापड लावले म्हणजे कापूस वेचणीच्या दिवसांत उडणारे तंतू हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसत नाहीत. जुन्या संगणकातून मी जो बोळा काढला, तो मातीचा कमी आणि कापसाचा अधिक होता.

मला झिणझिणी आली त्याच संध्याकाळी पुतण्याने परसात जाऊन नळीत दोन बादल्या पाणी ओतले. मातीने ते किती आवाज करीत पिऊन घेतले याचे त्याला नवल वाटले. आता ते काम त्याच्याकडे आहे. मी ते त्याला तोंडी न सांगता यादीतच लिहून दिले आहे.

सुटे भाग आणण्यासाठी पुण्या-मुंबईकडे न जाता आम्ही सिकंदराबादचा रस्ता धरला. ज्याच्या नावाला नृसिंहाचे नाव जोडलेले आहे त्या आमच्या लहानशा स्थानकावर परळीकडची गाडी पकडायची, आणि उदगीर, बिदर, विकाराबाद करीत पुढे जायचे. आमच्या मुलखाचा ओढा हैदराबादेकडे अजून पुरता तुटलेला नाही. दवाखान्यासाठी, कापडासाठी, आणि आता संगणकासाठीही लोक तिकडे जातात. पार्क लेनच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये मजल्यामागून मजले संगणकाच्या सुट्या भागांचीच दुकाने आहेत, आणि तिथली दखनी बोली आमच्या आजोबांच्या तोंडी जशी होती तशीच कानांवर पडते. एका दुकानात मी प्रत्येक भाग त्याच्या अनुक्रमांकासह वेगळा लिहून देण्याची विनंती केली. दुकानदाराने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि, "लिख देतूं ना साब, हक है तुमारा," असे म्हणून ओळीमागून ओळ लिहिली. त्या माणसाविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे.

फक्त रॅमपाशी आमचा हात आखडला. ग्राफिक्स कार्डांचे भाव २०२०-२१मध्ये आभासी चलनाच्या खाणकामापायी असेच चढले होते, आणि २०२२मध्ये ते उतरत गेले; त्या सप्टेंबरात इथेरियमने खाणकामाची पद्धतच सोडली. आता पाळी रॅमची आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य केंद्रांना स्मृतीचे चिप लागतात, कारखाने त्यांची मागणी आधी पुरवतात, आणि मायक्रॉन या चिप बनवणाऱ्या कंपनीने तर डिसेंबर २०२५मध्ये 'क्रुशियल' या नावाने सामान्य ग्राहकांना होणारी विक्री थांबवीत असल्याचे जाहीर करून टाकले. दूरच्या त्या केंद्रांची भूक पोखर्णीतल्या एका मुलाच्या यादीपर्यंत पोचते, याचा मला मनापासून विषाद वाटतो. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे दोन्ही वाटांनी काम चालून खेळ सुरळीत पळतो, हे खरे. पण पुढे बत्तीसपर्यंत जायचे तर सोळाची एकच पट्टी आज घेऊन दुसरी खाच मोकळी ठेवणे शहाणपणाचे, असे मला वाटले, आणि आम्ही तसेच केले. पुतण्याचे म्हणणे असे की भाव आणखी चढतील, तेव्हा तुरीचे पैसे आले आहेत तोवर दुसरीही घेऊन टाकावी. माझे म्हणणे असे की दिवाळीपर्यंत थांबावे. त्याचा भावांचा अभ्यास माझ्यापेक्षा पक्का आहे, माझी वाट पाहण्याची सवय त्याच्यापेक्षा जुनी आहे, आणि या प्रश्नावर आमच्या घरात अद्याप निकाल लागलेला नाही.