कुंथलगिरी : उपचाराची मर्यादा आणि संयमाची वाट

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात, बालाघाटच्या रांगेत कुंथलगिरीची टेकडी आहे. पायथ्याशी यात्रेकरूंची वर्दळ, इथल्या प्रसिद्ध पेढ्यांची दुकाने. वर शुभ्र शिखरांची जिनमंदिरे. कुलभूषण आणि देशभूषण या मुनिद्वयाची ही निर्वाणभूमी. त्यांच्यावरील उपसर्ग राम-लक्ष्मणांनी दूर केला, अशी कथा पद्मपुराणात येते. निवारण करता येणारे संकट निवारावे, हा त्या कथेतला बोध यात्रेकरूंच्या सहसा ध्यानात येत नाही.

याच टेकडीवर 1955 साली चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना धारण केली. बेळगाव जिल्ह्यातील भोज गावच्या पाटील घराण्यात वाढलेल्या या महापुरुषाची दृष्टी वार्धक्यात क्षीण झाली होती. पायाखालचा जीव दिसेनासा झाला, की मुनीचे अहिंसाव्रत निर्दोष राहात नाही. देह राखावा की व्रत, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शांतपणे दिले. 8 सप्टेंबरला त्यांनी मराठीतून अखेरचा उपदेश केला, तो ध्वनिमुद्रित आहे. संयमाला भिऊ नका, हे त्याचे सार. 18 सप्टेंबरला, छत्तिसाव्या दिवशी, त्यांची समाधी झाली.

साठ वर्षांनी हाच विषय न्यायालयापुढे आला. 10 ऑगस्ट 2015 रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा आत्महत्येचाच प्रकार ठरवला. 24 ऑगस्टला देशभर समाजाने दुकाने बंद ठेवून मौन मोर्चे काढले. 31 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

पुढे 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. शुद्धीवर असलेल्या सज्ञान व्यक्तीला उपचार नाकारता येतो, आणि बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम साधनांनी आयुष्य लांबवू नये असे आगाऊ लिहून ठेवता येते. अशा निर्देशपत्राला पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागे. 2023 पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. मात्र हा निर्णय रुग्णाच्या उपचारांविषयी आहे. सल्लेखनेच्या प्रश्नाचा निवाडा त्यात झालेला नाही, हे विसरता कामा नये.

शास्त्राने घातलेल्या अटी तर कायद्याहून कडक आहेत. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात उपसर्ग, दुर्भिक्ष, वार्धक्य आणि रोग ही कारणे सांगितली. पण ती निष्प्रतीकार, म्हणजे ज्यावर उपाय उरलेला नाही अशी असली पाहिजेत. उपाय उरला आहे की नाही, हे वैद्याला विचारल्यावाचून कसे कळणार? तेव्हा बऱ्या होणाऱ्या आजारात औषध नाकारणे ही सल्लेखना नव्हे. तत्त्वार्थसूत्रात जगण्याची लालसा हा जसा दोष, तसाच लवकर मरण यावे ही इच्छाही दोषच मानली आहे. कंटाळून, रागाने किंवा घरच्यांवर भार नको म्हणून घेतलेला निर्णय या कसोटीला उतरत नाही.

आणि हा निर्णय दुसऱ्याने घ्यायचा नसतो. बेशुद्ध वडिलांच्या वतीने मुलाने संथारा घेववावा किंवा खर्चाच्या धास्तीने कुटुंबाने व्रताचे नाव पुढे करावे, याला धर्मातही आधार नाही. उलट, ज्येष्ठांनी सावधपणी व्यक्त केलेली इच्छा डावलून केवळ लोकलाजेस्तव त्यांना यंत्रांना जोडून ठेवणे, हीही हिंसाच.

व्यापारी घरात दिवाळीला वह्या मिटवताना येणे-देणे स्पष्ट लिहिले जाते. आई-वडिलांची अखेरची इच्छा मात्र बहुधा विचारलीच जात नाही. कुंथलगिरीची पायरी चढणाऱ्या कुटुंबाने ज्येष्ठांच्या हयातीत, त्यांच्या जवळ बसून, गुरूंचा आणि डॉक्टरांचा सल्ला घेऊन हे बोलणे करावे. आचार्यश्रींचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता आणि तो त्यांनी पूर्ण जागृतीत घेतला, म्हणूनच ही टेकडी आज वंदनीय आहे.