थ्रेड : 'सवय' या शब्दाविरुद्धचा लढा आणि माझी सांगली

१/ गेल्या वर्षी वर्गात मी मथुरा खटल्यावर निबंध वाचला आणि १९८३ च्या कायद्यापाशी येऊन थांबले. एका मैत्रिणीने विचारले, "तू सांगलीची ना? तिकडे पुढे काय झाले?" उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि ते का नव्हते हेही मला ठाऊक होते. आमच्या घरी गोकुळनगर या वेश्यावस्तीचे नाव निघाले की विषय बदलत असे. त्या राहून गेलेल्या उत्तरासाठी हा थ्रेड.

२/ आधी घटनाक्रम. २६ मार्च १९७२, देसाईगंज पोलीस ठाणे (आजचा गडचिरोली जिल्हा). १४ ते १६ वर्षांच्या आदिवासी मुलीवर ठाण्यातच बलात्कार झाल्याची तक्रार झाली. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, असे न्यायालयाने म्हटले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले : भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, अर्थात प्रतिकार नाही.

३/ सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० साली मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' उभा राहिला. ८ मार्च १९८० रोजी मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली अशा अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. नागपुरात सीमा साखरे यांनी स्त्री अत्याचार विरोधी परिषद बांधली.

४/ ही एकजूट अचानक उगवली नव्हती. ऑक्टोबर १९७५ मध्ये पुण्यात संयुक्त स्त्रीमुक्ती परिषद भरली होती. पुढे राज्यभरातल्या संघटना स्त्री मुक्ती आंदोलन संपर्क समितीच्या माध्यमातून एकमेकींशी जोडलेल्या राहिल्या. एका गावातली तक्रार एकटी पडू नये, हे अशा जाळ्याचे खरे काम.

५/ १९८३ चा कायदा हे या लढ्याचे फळ. कोठडीतील बलात्कार हा वेगळा गुन्हा ठरला. तिथे 'माझी संमती नव्हती' असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरले. परंतु पुरावा कायद्यातले कलम १५५(४) तसेच राहिले. तक्रारदार स्त्री 'अनैतिक चारित्र्याची' आहे, असे दाखवण्याची मुभा आरोपीला होती. ते कलम वगळले गेले २००२ च्या दुरुस्तीने.

६/ मधल्या वर्षांत आमच्या भागात काय घडत होते? वाळवा, खानापूर, तासगाव हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते; हीच प्रतिसरकारची भूमी. त्या लढ्यात तरुणपणी उतरलेल्या, मूळच्या सातारा जिल्ह्यातील इंदोलीच्या इंदुताई पाटणकर पुढे कासेगावात राहिल्या. १९८० च्या दशकात त्यांनी आणि गेल ऑम्वेट यांनी स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून परित्यक्तांना संघटित केले. शिधापत्रिका, घर, जमीन स्वतःच्या नावावर हवी, ही त्यांची मागणी. नवऱ्याने टाकलेल्या बाईकडे गावाने कोणत्या नजरेने पाहावे, हा प्रश्न त्या मागणीच्या पोटातच होता.

७/ १९९२ मध्ये सांगलीत मीना शेषू यांच्या पुढाकाराने 'संग्राम' ही संस्था सुरू झाली. एचआयव्ही रोखण्यासाठी वेश्याव्यवसायातील स्त्रियाच आपल्या वस्तीत निरोध वाटू लागल्या. बोलता बोलता गुंडांची मारहाण, पोलिसांची दंडेली बाहेर आली. १९९६ मध्ये याच स्त्रियांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे 'व्हॅम्प', स्थापन झाली.

८/ माझ्या निबंधात नेमकी हीच कडी नव्हती. 'सवय' असलेल्या मुलीचा नकार ग्राह्य नसेल, तर वेश्येचा नकार कोण ऐकणार? मुंबई-नागपूरच्या मोर्चांनी उचललेला प्रश्न सर्वांत कठीण रूपात सांगलीत विचारला गेला, आणि तो विचारणाऱ्या स्त्रिया गोकुळनगरच्या होत्या.

९/ १९ मे २०२२. कोलकात्यातील एका वेश्येच्या खुनातून उभ्या राहिलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले : लैंगिक अत्याचार झालेल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रीला इतर कोणत्याही पीडितेइतकीच तातडीची वैद्यकीय मदत मिळाली पाहिजे, पोलिसांनी तिच्याशी सन्मानाने वागले पाहिजे. देसाईगंजच्या घटनेला तेव्हा ५० वर्षे झाली होती.

१०/ दिवाळीत घरी गेले तेव्हा हे सारे आईला सांगितले. गोकुळनगरचे नाव मी मुद्दाम घेतले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढं जवळ असून आम्ही कधी विचारलंच नाही." या वेळी विषय बदलला नाही. तुमच्या गावातही न उच्चारलेले एखादे नाव असेल. इतिहास शोधायला तिथूनही सुरुवात करता येते.