किल्लीचं भोक

‘गुलामगिरी’ शिकवताना आमच्या बाई अर्पणपत्रिकेपाशीच थांबल्या. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली, त्यांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली हे पुस्तक अर्पण केलं. ‘ती माणसं कोण होती?’ बाईंनी विचारलं. वर्ग गप्प. मग त्यांनी सारा ग्रिम्केची गोष्ट सांगितली.

सारा १७९२ सालची, दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनची. वडील न्यायाधीश, घर गुलामांच्या कष्टावर उभं. भावासारखा कायदा शिकायची तिची फार इच्छा. लॅटिनसुद्धा शिकू दिलं नाही. गुलामांना लिहायला शिकवण्याविरुद्ध तिथे १७४० पासून कायदा होता, वाचनही मालकांना खपत नसे. तरी रात्री केस विंचरायला येणाऱ्या मुलीला सारा वाचायला शिकवायची. दार लावायचं, दिवा मालवायचा, किल्लीचं भोक झाकायचं आणि दोघींनी शेगडीच्या उजेडात पालथं पडून अक्षरं लावायची. वडिलांना कळलं. ती मुलगी फटक्यांतून थोडक्यात वाचली.

साराचं पुढचं आयुष्य मी नंतर वाचलं. १८२१ मध्ये तिने घर सोडून फिलाडेल्फिया गाठलं. काही वर्षांनी धाकटी बहीण अँजेलिनाही आली. १८३७ साली दोघी मॅसॅच्युसेट्सभर गुलामीविरुद्ध बोलत हिंडल्या. बायकांनी जाहीर बोलावं हे धर्मगुरूंना रुचलं नाही, तेव्हा साराने स्त्री-पुरुष समतेवर पत्रंच लिहिली. मला मात्र सर्वांत मोठी वाटते ती १८६८ सालची गोष्ट. आपल्या भावाला गुलाम स्त्रीपासून झालेली मुलं शिकताहेत, असं दोघी म्हाताऱ्या बहिणींना कळलं. त्यांनी ती उघडपणे आपली भाचरं मानली, शिक्षणाला पैसे दिले. फुल्यांचं पुस्तक आलं त्याच वर्षी, डिसेंबरात, सारा गेली.

बाईंनी गोष्ट सांगितली त्या दिवशी घरी आले तर स्वयंपाकघरात मावशी भांडी घासत होत्या. अकरा वर्षं त्या आमच्याकडे येत होत्या. त्यांच्या मुलाची पत्रं मी वाचून दाखवायची, उत्तरं लिहून द्यायची आणि त्याचं मला कौतुकही वाटायचं. त्यांना वाचायला शिकवावं, हे अकरा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. आमच्याकडे ना कायदा आडवा होता, ना वडील. त्या रात्री मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटी काढली. मावशी लाजल्या, मग पदराने हात पुसून बसल्या. म्हणाल्या, ‘‘ताई, दार लावून घ्या. शेजारचे हसतील, म्हातारपणी शाळा म्हणून.’’ मी कडी लावली. साराने झाकलेलं ते भोक मला आठवलं आणि ‘क’ गिरवताना माझाच हात कापला.

जोडाक्षरं यायला दिवाळी उलटली. उन्हाळ्यात एकदा मी सवयीने कडीला हात घातला, तर पाटीवरची नजर न काढता मावशी म्हणाल्या, ‘‘राहू द्या उघडं. वारा येतोय.’’