येईल ते नावे, जाईल ते जमा

कॉमर्सच्या पहिल्या वर्षी सरांनी आम्हाला एक मंत्र दिला होता : जे येईल ते नावे, जे जाईल ते जमा. पुढे मी बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, बावीस वर्षं काउंटरमागे बसून दुसऱ्यांचे पैसे मोजले; पण त्या मंत्राचा खरा अर्थ उमगला तो गेल्या चौदा महिन्यांत. गाडीतून येतो तो आवाज आणि खिशातून जातो तो पैसा. दोन्ही नोंदी बहुधा एकाच दिवशी पडतात.

गाडी जुनी आहे. म्हणजे आम्हाला नवी. २०१५ सालचं मॉडेल, डिझेल, ब्याऐंशी हजार किलोमीटर धावलेली, किंमत रुपये ४,६०,००० फक्त. हिला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात. पुढून पाहिलं तर पाटलांची जीप, मागून पाहिलं तर कुणीतरी घाईत कापून टाकलेली. ह्या कापाकापीमागे अर्थशास्त्र आहे बरं का! २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं आणि तेव्हापासून कारखानदार फूटपट्टी घेऊन बसले. उत्पादन शुल्क जाऊन जीएसटी आला, तरी गाडीचं शेपूट काही परत आलं नाही. आमच्या चार पिशव्यांपैकी एक कायम मांडीवर असते ती ह्या अर्थसंकल्पामुळे.

आता, जुन्या गाडीचं कर्ज मागायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी स्वतः बजावतो, "साहेब, आधी मिस्तरीला दाखवा. खालून बघायला लावा. सर्व्हिसचं रेकॉर्ड मागा." स्वतःच्या वेळी मी काय केलं? टायरला एक लाथ मारली. सगळेच मारतात म्हणून मारली. त्यातून नेमकं काय कळतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

खरं कारण वेगळंच होतं. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणते, "मला लोखंड घालून जायचं नाही." आमच्या पहिल्या छोट्या गाडीत बसणं म्हणजे तिला विहिरीत उतरणं, आणि एसटीची पायरी म्हणजे गड चढणं. त्यामुळे कऱ्हाडहून चिपळूणला माझ्या बहिणीकडे ती दोन वर्षांत गेली नव्हती. ही गाडी बघायला गेलो तेव्हा तिनं दार उघडलं, सीटला पाठ लावली, गिरकी घेतली आणि ओटीच्या कट्ट्यावर टेकावं तशी बसली. गुडघा वाकलाच नाही! "ही बरी आहे," ती म्हणाली. एजंटानं ते ऐकलं. त्यानंतर किंमत एक रुपयाही खाली आली नाही.

पहिल्या महिन्यात पुढच्या चाकाकडून खटखट सुरू झाली. मिस्तरी म्हणाला, "लिंक रॉड." चौदाशे रुपये. मला वाटलं, चौदाशेत सुटलो. पंधरा दिवसांनी खटखट परत हजर, फक्त स्वर थोडा खाली आलेला. "आता लोअर आर्म. बुश गेलेत." ५,२०० रुपये. मी विचारलं, "हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" तो म्हणाला, "तेव्हा लिंक रॉडच्या आवाजात ह्याचा आवाज ऐकू येत नव्हता." ह्याला उत्तर नाही. आमच्या बँकेतही एक थकबाकीदार वसूल झाला की मगच त्याच्या मागचा दिसतो.

मग उन्हाळ्यात एसी गरम हवा फेकू लागला. कूलिंग कॉइल गळत होती. कॉइल ही वस्तू हातभर सुद्धा नाही, पण तिच्यापर्यंत पोचायला गाडीचा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. आमच्या गाडीचं ते उघडं वायरींचं कोठार पाहून माझ्याच पोटात कालवलं. ११,३०० रुपये. एसी थंड झाला हे खरं, पण जोडताना कुठलातरी खिळा कुठेतरी रुसला, आणि तेव्हापासून डॅशबोर्ड खड्ड्याखड्ड्याला करकरतो. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

पावसाळ्यात गाडीनं काळा धूर सोडून दम टाकला. कॉम्प्युटर लावला. कॉम्प्युटरनं ईजीआर व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं. तो काजळीनं भरलेलाच होता, साफ केला, २,८०० रुपये. दम तसाच. शेवटी मिस्तरीच्या हाताखालच्या पोरानं इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "शिट्टी वाजतीय." टर्बोचा होज पाइप चिरला होता. १,९०० रुपये. कॉम्प्युटरला कान नसतात, ही माहिती मला २,८०० रुपयांना पडली.

टायमिंग बेल्टचं तर न बिघडताच ९,४०० दिले. "तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतील, इंजिन खलास," मिस्तरी ज्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, तो चेहरा मी फक्त विमा एजंटांचा पाहिला आहे.

आणि मग कुंभार्ली घाट. आईला चिपळूणला दोन दिवस ठेवून परत येत होतो. पोफळी सोडली, चढ लागला, आणि इंजिन ओरडायला लागलं, पण गाडी काही वर जाईना. ऑफिसात काही माणसं अशी असतात. पाठोपाठ जळका वास. क्लच प्लेट संपली होती. एका बाजूला दरी, मागे ट्रक, सौ. दगड शोधून चाकामागे लावतेय, मी फोनला रेंज शोधतोय आणि आई उंच सीटवर बसून शांतपणे धबधबा बघतेय. "किती वर्षांनी पाहिला रे!" म्हणाली.

गाडी ओढून पुन्हा चिपळूणला. ओढणावळ ३,५००, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मिळून १८,६००. मी तीन दिवसांची रजा टाकली. आईला लेकीकडे तीन दिवस जास्त मिळाले. निघताना मायलेकी रडल्या नाहीत, उलट हसत होत्या. बहीण मला हळूच म्हणाली, "दादा, ह्याच्यात अजून काय काय बिघडतं रे?"

कऱ्हाडला आल्यावर वही उघडली. एकूण ५४,१००. कॉमर्सचा माणूस सांगेल की, गेलेला पैसा गेला, त्याच्याकडे बघून पुढचा निर्णय घेऊ नये. मी त्याच्याकडेच बघत बसलो आणि गाडी विकायची ठरवली.

रविवारी एक गृहस्थ बघायला आले. टायरला लाथ मारली. मी चहा सांगायला आत गेलो, तेवढ्यात अंगणात खुर्चीवर बसलेल्या आईनं सूत्रं हाती घेतली. "सगळं नवीन आहे हो हिच्यात! क्लच नवीन, कॉइल नवीन, बेल्ट नवीन, खालचे रॉड नवीन. घाटात बंद पडली होती ना, तेव्हा सगळंच काढलं. त्याआधी धूर यायचा, तो आता नाही येत..."

मी चहा घेऊन आलो तेव्हा फाटक उघडं होतं.

"काय झालं ग?"

"कुणास ठाऊक. चांगलं सांगत होते मी." तिनं त्या गृहस्थांचा कप स्वतःकडे ओढला. "दिवाळीला चिपळूणला कधी निघायचं?"

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी निघायचं ठरलंय. मागच्या डाव्या चाकातून काल कूं कूं असा आवाज आला. मिस्तरी म्हणतो, बेअरिंग.