आधी टेबल, मग जहाज

क्रूझचं माहितीपत्रक हातात पडलं की बहुतेक मंडळी आधी मार्ग बघतात, मग बाल्कनी आणि शेवटी भाडं. मी उमेदीची बरीच वर्षं प्रवासी जहाजांच्या भोजनगृहात काढली, वेटर म्हणून चढलो आणि हेड वेटर होऊन उतरलो. त्यामुळे कोणी सल्ला विचारायला आलं की माझा पहिला प्रश्न असतो: रात्री जेवायला तुम्हाला कसं बसायला आवडेल? ज्या कंपनीने संध्याकाळ जशी आखली असेल, तशी तिची सेवा, तसे कपडे आणि बऱ्याच अंशी तशीच चव.

जुनी पद्धत ठरावीक टेबलाची. पहिली पंगत सहाच्या सुमारास, दुसरी साडेआठच्या. टेबल तेच, वेटर तोच, शेजारीही तेच. दुसऱ्या रात्रीपर्यंत वेटरला कळलेलं असतं की आजोबांना कोमट पाणी लागतं आणि काकूंना सॉसमध्येही अंडं चालत नाही. गॅलीलाही, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरालाही, कोणत्या वेळी किती ताटं लागणार याचा अंदाज असतो, म्हणून शेकडो जणांना एकाच वेळी वाढूनही मासा गरम येतो. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ‘फ्रीस्टाइल’ आणलं: हवं तेव्हा, हव्या त्या रेस्टॉरंटमध्ये जेवा, सूटबुटाची सक्ती नाही. लहान मुलांच्या आईबापांना हे वरदानच आहे. पण रोज नवं टेबल म्हणजे रोज नवा वेटर आणि आपली पथ्यं रोज पहिल्यापासून सांगणं. शिवाय तिथल्या खास रेस्टॉरंटांपैकी बऱ्याच ठिकाणी वेगळे पैसे पडतात. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्या दोन्ही सोयी देतात; बुकिंग करतानाच निवड सांगावी लागते.

जैन किंवा काटेकोर शाकाहारी कुटुंबाला मी ठरावीक टेबलच घ्यायला सांगतो. कांदा-लसूण नको हे बुकिंगच्या वेळीच कळवायचं. मग जहाजावर हेड वेटर आदल्या रात्री दुसऱ्या दिवशीचा मेनू घेऊन येतो, तुमच्याशी बोलून बदल ठरवतो आणि ती ऑर्डर तुमच्या टेबल क्रमांकावर गॅलीत जाते. टेबल रोज बदललं तर हीच साखळी तुटते. मुंबईहून २०२१ पासून सुटणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजावर जैन जेवणाची चिंता नाही. मात्र दोन-तीन रात्रींच्या सफरीत वेटरशी ओळख होते न होते तोच जहाज पुन्हा धक्क्याला लागतं.

नटूनथटून जेवायला बसण्याची हौस असेल तर क्यूनार्ड. १८४० पासूनची ही कंपनी. तिचं ‘क्वीन मेरी २’ साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क अटलांटिक ओलांडतं, साधारण सात रात्रींत. दुपारी क्वीन्स रूममध्ये पांढरे हातमोजे घातलेले वेटर चहा देतात. गाला, म्हणजे खास पोशाखाच्या, रात्री सहानंतर मुख्य भोजनगृहात डिनर जॅकेट किंवा गडद सूट-टाय लागतो. आपल्याकडच्यांना हे ऐकून धडकी भरते, पण तिथे राष्ट्रीय पोशाखही मान्य आहे. उत्तम शिवलेला बंदगळा आणि पैठणी तिथे दिमाखात शोभतात. भाड्याचा टक्सेडो शोधत फिरू नका. ज्यांना नटायचं नाही त्यांच्यासाठी बुफे आणि पब असतात. एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या: इथे खोलीच्या दर्जावर भोजनगृह ठरतं. ब्रिटानिया सर्वसाधारण खोल्यांसाठी, क्वीन्स ग्रिल वरच्या स्वीटसाठी. मला स्वतःला ही उतरंड आवडत नाही, ब्रिटानियातली अदब मात्र मनापासून आवडते.

केवळ खाण्यासाठी जायचं असेल तर माझी पसंती ओशेनिया कंपनीला. तिच्या पाककलेची घडी फ्रेंच शेफ झाक पेपाँ यांनी बसवली. औपचारिक रात्री नाहीत आणि खास रेस्टॉरंटांना जास्तीचे पैसेही नाहीत. जहाजं लहान असल्याने गॅलीला पदार्थ थोड्या संख्येने आणि ऐन वेळी करता येतो. फरक पडतो तो तिथेच.

सेवेचा अंदाज जाहिरातीवरून येत नाही, आकड्यांवरून येतो. ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर एका खोलीत दोघे धरले तर ५,६१० प्रवासी आणि सुमारे २,३५० कर्मचारी. सीबोर्न कंपनीच्या ‘एन्कोर’वर ६०० प्रवाशांमागे चारशेहून अधिक. भाडं अर्थातच कितीतरी जास्त, पण त्यात मद्य आणि टिपही आली. स्वच्छतेचीही अशीच खातरजमा करता येते. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांची तिथलं सरकारी आरोग्य खातं तपासणी करतं आणि १०० पैकी गुण जाहीर करतं. ८५ किंवा त्याखाली म्हणजे नापास. जहाजाचं नाव घालून ते गुण कोणालाही बघता येतात.

शेवटी एक विनंती. मोठ्या कंपन्यांच्या बिलात माणशी रोज साधारण १५ ते २० डॉलर टिप आपोआप लागते. अनेक कंपन्यांत काउंटरवर सांगून ती काढून टाकता येते आणि काही मंडळी शेवटच्या रात्री तसं करतातही. ती रक्कम वेटर, खोली आवरणारे आणि त्यांचे मदतनीस यांच्या कमाईचा मोठा भाग असते. तेव्हा सहलीचा खर्च मांडतानाच टिप धरा आणि ती रद्द करू नका.