पेंग देहुआई : एका मार्शलचे साधे पत्र

१.
डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. सोलापूरचे हे तरुण डॉक्टर १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच निवर्तले. ज्या एट्थ रूट आर्मीच्या जखमींची त्यांनी शुश्रूषा केली, तिच्या उपसेनापतीचे नाव त्यांच्याविषयी वाचतानाच प्रथम माझ्या दृष्टीस पडले : पेंग देहुआई. आजचा हा धागा त्यांच्याविषयी आहे. त्यांनी लढाया पुष्कळ जिंकल्या. पण मला सांगायचे आहे ते त्यांच्या एका पत्राविषयी.

२.
पेंग यांचा जन्म १८९८ साली हुनान प्रांतातील शियांगतान परगण्यात झाला. माओ त्से-तुंगही याच परगण्याचे. मात्र माओंचे घर खाऊनपिऊन सुखी होते, तर पेंग यांची आई लवकर गेली, वडील आजारी पडले आणि घरातील किडूकमिडूक विकण्याची पाळी आली. लहानग्या पेंगना दारोदार भीक मागावी लागली. पुढे त्यांनी गुरे राखली, कोळशाच्या खाणीत काम केले, तलावाच्या बांधावर माती वाहिली. उपासमार हा शब्द त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. हा तपशील लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडेल.

३.
१९१६ साली ते हुनानच्या सैन्यात साधे शिपाई म्हणून भरती झाले. १९२८ साली त्यांनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला आणि त्याच वर्षीच्या जुलैत पिंगजियांग येथे आपल्या पलटणीसह उठाव केला. वर्षअखेरीस ते चिंगकांग पर्वतात माओंना जाऊन मिळाले. १९३४-३५ च्या लाँग मार्चमध्ये ते तिसऱ्या सैन्यदलाचे प्रमुख होते. तो खडतर प्रवास संपता संपता माओंनी त्यांच्या शौर्यावर कविता लिहिली. ज्या हाताने ही कविता लिहिली, त्याच हाताचा निकाल चोवीस वर्षांनी त्यांना ऐकावा लागणार होता.

४.
ऑक्टोबर १९५० मध्ये कोरियात सैन्य पाठवण्याचे ठरले. लिन बियाओ यांनी प्रकृतीचे कारण पुढे केले. पेंग यांनी जबाबदारी उचलली. १९ ऑक्टोबरला चिनी सैन्य यालू नदी ओलांडू लागले आणि काही आठवड्यांतच अमेरिकेच्या नेतृत्वाखालील फौजांना दक्षिणेकडे हटावे लागले. विजयाची किंमत मात्र भयंकर होती. अपुरे कपडे, अपुरे अन्न, हाडे गोठवणारी थंडी. २५ नोव्हेंबरला पेंग यांच्या मुख्यालयावर बॉम्ब पडले आणि माओंचे थोरले पुत्र माओ आनयिंग त्यात मृत्युमुखी पडले. जुलै १९५३ मध्ये चीनच्या बाजूने युद्धबंदीवर सही केली ती पेंग यांनीच.

५.
१९५४ साली ते संरक्षणमंत्री झाले आणि १९५५ साली दहा मार्शलांपैकी एक. मानात त्यांच्या वर फक्त झू दे होते. गनिमी काव्यावर वाढलेल्या सैन्याला त्यांनी हुद्दे, ठरलेले वेतन, सक्तीची भरती आणि आधुनिक प्रशिक्षण दिले. एरवी त्यांचे चरित्र इथेच, छातीवरील पदकांपाशी, संपले असते.

६.
मग आले १९५८ आणि ‘मोठी झेप’. कम्यून उभी राहिली, सामुदायिक भोजनगृहे निघाली, घरोघरची भांडीकुंडी वितळवून अंगणातल्या भट्ट्यांत पोलाद काढण्याचा सपाटा सुरू झाला. वर्षअखेर पेंग हुनानला, आपल्या मुलखात गेले. भट्ट्यांच्या जळणासाठी तोडलेली झाडे त्यांनी पाहिली, माणसे भट्ट्यांवर राबत असल्याने रानात राहून गेलेले पीक पाहिले. जिथे त्यांनी तीस वर्षांपूर्वी उठाव केला होता त्या पिंगजियांगात तर दोन वर्षांच्या उत्पादनाचे आकडे चक्क उलटे लावले होते : १९५७ चे चांगले पीक १९५८ च्या नावावर, आणि १९५८ चे कमी पीक १९५७ च्या.

७.
जुलै १९५९ मध्ये लुशानच्या थंड हवेच्या ठिकाणी पक्षनेत्यांची बैठक भरली. १३ जुलैच्या सकाळी पेंग माओंना भेटायला गेले. माओ रात्री जागून काम करीत आणि दिवसा झोपत. ते नुकतेच झोपल्याचे पहारेकऱ्याने सांगितले. पेंग परतले आणि त्यांनी पत्र लिहिले. दुसऱ्या दिवशी ते माओंकडे पोहोचते झाले. पत्र खासगी होते, एका जुन्या सोबत्याने दुसऱ्याला लिहिलेले.

८.
हे पत्र मी प्रथम वाचले तेव्हा, खरे सांगतो, माझी निराशा झाली. मला वीज कडाडायला हवी होती. पेंग मात्र आरंभी स्वतःची तुलना ‘तीन राज्यां’च्या कथेतील झांग फेईशी करतात : आपण तसेच रांगडे, बारकावे न कळणारे. मग पहिला भाग १९५८ च्या यशाची यादी देण्यात जातो. त्यानंतर ते फुगवलेल्या आकड्यांच्या वाऱ्याविषयी आणि उतावळ्या उन्मादाविषयी बोलतात. पोलादाच्या मोहिमेवर सरकारला दोनशे कोटी युआनहून अधिक भर घालावी लागली, हे सांगून ते म्हणतात की यात तोटाही झाला आणि लाभही झाला. बस्स, एवढेच.

९.
पण या वाक्यात ‘तोटा’ आधी आला आणि ‘लाभ’ नंतर! हा क्रमच गुन्हा ठरला. माओंनी पत्र छापून सर्वांना वाटले आणि २३ जुलैच्या भाषणात पेंग यांच्यावर तोफ डागली. सैन्य आपल्या मागे आले नाही, तर आपण खेड्यांत जाऊन नवी लाल सेना उभी करू, असा त्यांचा सूर होता. पेंग नुकतेच पूर्व युरोपचा दौरा करून, ख्रुश्चेव्ह यांना भेटून आले होते; त्यावरून परकीय हाताचा संशय घेतला गेला. झांग वेनतियान, हुआंग केचेंग आणि झोउ शियाओझोउ यांना त्यांच्या ‘पक्षविरोधी टोळी’त जमा करण्यात आले. बाकीच्यांनी हात वर केले. सप्टेंबरात संरक्षणमंत्रिपद गेले ते लिन बियाओ यांच्याकडे.

१०.
नुकसान एका मंत्र्याचे झाले असते, तर हा धागा लिहिला नसता. लुशानपूर्वी माओ स्वतःच झेपेचा वेग थोडा आवरत होते. लुशाननंतर ‘उजव्या प्रवृत्ती’विरुद्ध मोहीम निघाली आणि कमी आकडा सांगणे म्हणजे पेंग यांची बाजू घेणे ठरले. कागदावर धान्य वाढत गेले आणि त्या कागदी धान्याच्या हिशेबाने खऱ्या कणग्या रित्या होऊ लागल्या. १९५९ ते १९६१ या दुष्काळातील बळींचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

११.
पेंग यांना देव्हाऱ्यात बसवण्याचे मात्र कारण नाही. १९५८ साली सैन्यातील ‘पोथीनिष्ठे’विरुद्ध जी मोहीम झाली, तीत सू यू यांच्यासारख्या कर्तबगार सेनानीची मानखंडना करण्यात पेंग पुढे होते. ज्या यंत्राने वर्षभरात त्यांना भरडले, त्याचा दांडा त्यांनीही फिरवला होता. लुशानला अखेर त्यांनी आत्मपरीक्षणाचा जबाबही दिला. ते पोलादाचे नव्हते, माणूस होते.

१२.
आता थोडे स्वतःविषयी, कारण त्यावाचून हे लेखन अप्रामाणिक ठरेल. काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या सर्वेक्षणात काम करीत होतो. पूर्ण झालेल्या शेततळ्यांचा आकडा अहवालात वाढवून लिहिलेला होता. मी ती गावे फिरलो होतो. काही ठिकाणी नुसता खड्डा होता, काही ठिकाणी तोही नव्हता. कागद समोर आला आणि मी सही केली. मला कोणी धमकावले नव्हते. बैठक लांबली होती, सर्वांना चहा हवा होता, एवढेच. पिंगजियांगच्या उलट्या आकड्यांविषयी वाचले तेव्हा मला ती सही आठवली. त्या दिवसापासून पेंग यांचे पत्र मला मिळमिळीत वाटत नाही. खरा आकडा सौम्य शब्दांत सांगायलाही किती बळ लागते, हे मला तोवर कळले नव्हते.

१३.
पदच्युत पेंग बीजिंगच्या वेशीवरील एका जुन्या बागेत राहू लागले. तिथे त्यांनी स्वतः जमीन कसली. छोट्या तुकड्यात गहू पेरून नेमका किती पिकतो ते पाहिले. १९६२ साली त्यांनी सुमारे ८०,००० अक्षरांचे निवेदन लिहून न्याय मागितला. तो मिळाला नाही. १९६५ साली त्यांना नैर्ऋत्येस चेंगदूला पाठवले गेले. डिसेंबर १९६६ मध्ये रेड गार्ड्सनी त्यांना तिथून पकडून बीजिंगला आणले. मारहाणीत त्यांच्या फासळ्या मोडल्या. २९ नोव्हेंबर १९७४ रोजी, कैदेत, कर्करोगाने त्यांचा अंत झाला.

१४.
त्यांचे दहन ‘वांग चुआन’ या खोट्या नावाने झाले आणि त्याच नावाची चिठ्ठी लावून अस्थी चेंगदूला पाठवल्या गेल्या. डिसेंबर १९७८ मध्ये पक्षाने त्यांच्यावरील कलंक पुसला. १९८१ साली त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्याचा मोठा भाग म्हणजे कोठडीत चौकशी अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून लिहवून घेतलेले जबाब! गुन्हा शाबीत करण्यासाठी जमवलेले कागद असे त्यांचे चरित्र होऊन बसले.

१५.
इतिहासाच्या तरुण वाचकांनो, लढायांचे नकाशे जरूर पाहा, मीही पाहतो. पण कधी एखादा जुना अहवाल हाती आला आणि त्यातील आकडा फार देखणा वाटला, तर तो कोणी लिहिला, आणि त्या खोलीत आणखी कोण कोण बसले होते, हेही विचारा. धागा इथे संपवतो.