रुमाल सोडायची सोय नाही

परवा पहाटे चारला पाणी प्यायला उठले तर नातवाच्या खोलीत दिवा. हा खुर्चीत डोकं धरून बसलेला. "आजी, डिस्क भरली. दोन रात्रींचं काम अर्ध्यात बंद पडलं."

त्याचा एम.टेक.चा प्रकल्प आहे. गाडीचा पुढचा भाग भिंतीवर आदळला तर कसा चेपतो, हे तो कॉम्प्युटरवर बघतो. प्रबंध द्यायला तेव्हा नऊ दिवस उरले होते. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, यातलं मला काय कळणार! पण गुणाकार येतो. म्हटलं, सांग बघू नीट.

तर त्या पत्र्याचे बारीक तुकडे पाडायचे, साधारण पाच मिलिमीटरचे. त्यांचे कोपरे म्हणजे नोड. याच्याकडे पाच लाख नोड. टक्कर १०० मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. पण लोखंडातून आवाज एका तुकड्यात जितक्या वेळात पार होतो, त्याहून मोठं पाऊल टाकता येत नाही. ते येतं सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढं. म्हणजे एका टकरीला एक लाख पावलं!

आता प्रत्येक नोड कुठे सरकला याचे तीन आकडे, एका आकड्याला चार बाइट. मी दुधाच्या हिशोबाच्या वहीमागे मांडलं. एका क्षणाच्या चित्राला ६ एमबी. सगळी पावलं ठेवली तर ६०० जीबी, तेही फक्त सरकण्याचे. यानं २००० चित्रं मागितली होती, आणि वेग, त्वरण, स्ट्रेस, स्ट्रेन, दिसेल त्या चौकटीवर टिचकी मारलेली. "असू दे, लागेल कधीतरी," म्हणून. लॅपटॉपवर मोकळी जागा शंभर जीबी. (आमच्या माळ्यावरही 'लागेल कधीतरी' पुष्कळ आहे, पण ते असो.)

मग चिडून दुसऱ्या टोकाला गेला. फक्त १० चित्रं. फाईल एवढीशी झाली, पण गाईडनी विचारलं, भिंतीवर सर्वांत जास्त जोर कोणत्या क्षणी आला, आणि किती? तो क्षण नेमका दोन चित्रांच्या मधे पडलेला. गणितात आला होता, पण लिहून ठेवला नव्हता.

मला पेशवे दफ्तर आठवलं. रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडलेले कागद ४५ खंडांत छापले. जे निवडले नाहीत ते रुमालात बांधलेले तसेच आहेत, उद्या कुणी अभ्यासक रुमाल सोडून बसू शकतो. इथे तसं नाही. जे मागितलं नाही ते कॉम्प्युटर काढतो आणि पुढच्या पावलाला पुसून टाकतो. हवं तर पुन्हा दोन रात्री. म्हणजे काय निवडायचं ते कागद बघण्याआधीच ठरवायचं! सरदेसायांना कुणी असं सांगितलं असतं तर?

त्यावर तो म्हणाला, "आजी, अबॅकसमध्ये दोन प्रकार असतात. फील्ड आउटपुट म्हणजे सगळ्या अंगाचं चित्र. आणि मोजक्याच जागांचे आकडे, पण वरचेवर, ते हिस्टरी आउटपुट." हिस्टरी म्हटल्यावर माझे कान टवकारले. म्हटलं, अरे, मग भिंतीवरचा जोर त्यात का नाही घातलास? दर ०.१ मिलिसेकंदाला घेतला तरी हजार आकडे. चार हजार बाइट! तो माझ्याकडे बघतच राहिला.

मग त्याला कागद दिला आणि सांगितलं, गाईड काय काय विचारतील ती प्रश्नपत्रिका आधी काढ. सात प्रश्न निघाले. त्यातल्या दोघांनाच सगळ्या अंगाचं चित्र लागत होतं, आणि त्याला ५० चित्रं पुरेशी होती. स्ट्रेस सगळीकडे नको, चेपणाऱ्या दोन पट्ट्यांपुरता. आणि मधे बंद पडलं तर तिथूनच सुरू करता यावं म्हणून रीस्टार्टची नोंद ठेवायची, पण फक्त शेवटची. आधीच्या पुसत जायच्या. आधी १० मिलिसेकंदांचंच चालवून फाईल केवढी होते ते बघितलं आणि दहानं गुणलं. हे मात्र त्याचं त्यालाच सुचलं.

काल रात्री तिसऱ्यांदा लावलंय. हे लिहितेय तेव्हा पडद्यावर ७२ मिलिसेकंद दिसताहेत आणि फाईल अजून दीड जीबीच्या आत आहे. तो झोपलाय. शंभर झाल्याशिवाय उठवू नकोस म्हणालाय.